योजना आली, आता चालवायची कशी?
पाणीपुरवठा आणि जलसंधारणाच्या सरकारी निधीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली आहे: विहीर, टाकी, पाइप यांसाठी पैसे मिळाले, पण रोजचं पाणी चालवायला पैसे नाहीत. त्यामुळे तोच प्रश्न पहिला घेतला आहे आणि त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न: आमच्या गावात जलजीवन मिशनची योजना पूर्ण झाली असून ग्रामपंचायतीने ती ताब्यात घ्यावी असं पत्र आलं आहे. महिन्याला ५० रुपये पाणीपट्टी ठेवली तरी भागेल, असं सांगतात. आधीची योजना वीजबिलापायी बंद पडली होती. पट्टी नेमकी किती ठेवावी? (सरपंच, बीड जिल्हा)

५० रुपये हा आकडा शेजारच्या गावावरून घेतला जातो आणि शेजारच्या गावाने तो त्याच्या शेजाऱ्यावरून घेतलेला असतो. तुम्ही तुमचा हिशेब करा. नमुना म्हणून २,००० लोकसंख्या आणि ४०० कुटुंबांचं गाव धरू.

माणशी रोज ५५ लिटर हा जलजीवनचा, म्हणजे घरोघर नळाने पाणी देण्याच्या मिशनचा, निकष. म्हणजे रोज १ लाख १० हजार लिटर. गळती १५ टक्के धरली की उपसा होतो साधारण १ लाख २६ हजार लिटर. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची आणि पाइपातलं घर्षण मिळून ६० मीटर धरलं, तर एवढं पाणी चढवायला नुसत्या गणिताने २१ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता निम्मीच असते, म्हणून प्रत्यक्षात ४१-४२ युनिट. महिन्याला १,२५०च्या आसपास. युनिटला ८ रुपये धरले तर १०,००० रुपये झाले. स्थिर आकार वेगळा.

आता बाकीचा खर्च. पाणी सोडणाऱ्याचं मानधन १०,००० धरा. टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची क्लोरिनची) पावडर आणि पाण्याच्या तपासण्या १,०००. किरकोळ दुरुस्ती, म्हणजे फुटलेला पाइप, बसलेला व्हॉल्व्ह, स्टार्टर, यासाठी ५,०००. आणि बहुतेक गावं जो विसरतात तो आकडा: पंप जळेल, मोटर पुन्हा गुंडाळावी लागेल, काही वर्षांनी पंपच नवा घ्यावा लागेल, त्यासाठी महिन्याला ४,००० बाजूला. एकूण ३०,०००. चारशे घरांनी भागलं तर ७५ रुपये. पण चारशेच्या चारशे घरं कधीच भरत नाहीत. सत्तर टक्के वसुली धरली तर भरणारी घरं २८०, आणि दर १०७ रुपये. तेव्हा ११० रुपये महिना, वर्षाला १,३२०. पन्नास रुपयांत वसुली शंभर टक्के झाली तरी २०,००० जमतात. दर महिन्याला १०,०००ची तूट, आणि ती सगळ्यात आधी वीजबिलात दिसते, कारण पाणी सोडणारा गावातला असतो आणि त्याला थकवलं तर तो दारात येऊन उभा राहतो.

तुमचे आकडे वेगळे येतील. डोंगरावरच्या टाकीची उंची ६०ऐवजी १२० मीटर असेल तर वीज दुप्पट लागेल. योजना आखणाऱ्या अभियंत्याकडून पंपाची एकूण उंची मीटरमध्ये लेखी घ्या, बाकीचं गणित कागदावर पाच मिनिटांत होतं.

वीजबिलात दोन गोष्टी तपासा. जोडणी ‘सार्वजनिक पाणीपुरवठा’ या वर्गवारीत आहे ना? लघुदाबाच्या ग्राहकांसाठी ती एलटी-३ आहे. चुकून व्यापारी वर्गवारी पडली असेल तर विनाकारण जास्त दर जातो आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरं, मंजूर भार प्रत्यक्ष पंपापेक्षा फार जास्त असेल तर तो कमी करून घ्या. आधीच्या योजनेची थकबाकी त्याच जोडणीवर असेल तर ती नव्या योजनेच्या गळ्यात पडते. ताबा घेण्यापूर्वी हे निस्तरा.

ताबा घेताना सही करण्याआधी हातात काय हवं? पाइप प्रत्यक्षात जिथून गेले त्याचा नकाशा (मंजुरीच्या वेळचा नव्हे), प्रत्येक व्हॉल्व्हची जागा दाखवणारी यादी, पंप आणि पॅनलची वॉरंटी, पाण्याचा प्रयोगशाळा अहवाल, त्रयस्थ तपासणीचा अहवाल आणि दोषदायित्वाची मुदत कधी संपते ती तारीख. ही तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. मुदतीत फुटलेली लाइन ठेकेदाराने दुरुस्त करायची असते. गावं मात्र ती पाणीपट्टीतून करून मोकळी होतात.

पाणीपट्टीचं बँक खातं वेगळं ठेवा. ग्रामनिधीत मिसळली की ती गटारीच्या झाकणांत आणि गावजत्रेच्या मांडवात जाते, कागदोपत्री त्यात काही गैर दिसत नाही, पण पंप जळतो त्या दिवशी खात्यात शिल्लक नसते.

प्रश्न: वित्त आयोगाच्या निधीतला ‘बंधित’ भाग पाण्यासाठी आहे असं सांगतात. त्यातून वीजबिल भरता येतं का? विहिरीचा गाळ काढता येतो का? (ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा)

पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१-२२ ते २०२५-२६ हा काळ धरून उत्तर देतो. त्या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानात ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायचे, आणि ४० टक्के अबंधित. बंधितातला निम्मा, म्हणजे एकूण रकमेच्या ३० टक्के, पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं-मुरवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेले ३० टक्के स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी. वर्षाला १० लाख आले तर ३ लाख पाणी, ३ लाख स्वच्छता, ४ लाख अबंधित. यातल्या एका बाबीची गरज पूर्ण भागली असेल तर ते पैसे दुसऱ्या बंधित बाबीकडे वळवता येतात, पण तसा ग्रामसभेचा ठराव आणि सुधारित आराखडा हवा.

गाळ काढणं, विहीर खोल करणं, जुनी पाइपलाइन बदलणं, बल्क मीटर (गावाला येणारं एकूण पाणी मोजणारा), क्लोरिन मात्रा सोडायचं यंत्र, विंधन विहिरीचं पुनर्भरण, शाळेच्या छतावरचं पाणी साठवणं हे सगळं पाण्याच्या भागात बसतं. पगार आणि कार्यालयीन खर्चाला हा निधी चालत नाही, अबंधित भागही नाही.

वीजबिलाचं म्हणाल, तर २०२१ मध्ये राज्यात पाणीपुरवठ्याची आणि पथदिव्यांची बिलं या निधीतून भरण्याच्या सूचना आल्या आणि सरपंचांनी त्याला बराच विरोध केला. नियमात बसलं तरी ते बियाणं दळून खाण्यासारखं आहे. एकदा थकबाकी मिटवायला वापरा हवं तर. दरमहाचं बिल पट्टीतूनच गेलं पाहिजे.

पैसे अडकतात ते बहुतेक आराखड्यामुळे. काम ‘आमचा गाव आमचा विकास’च्या वार्षिक आराखड्यात नसेल तर ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन प्रणालीवर त्याचं देयक निघत नाही. आराखडे साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या काही महिन्यांत ठरतात. एप्रिलमध्ये विहीर आटल्यावर आठवण झाली तर वर्ष गेलं. कामाचं नावही नीट लिहा. ‘पाणीपुरवठा सुविधा’ असं मोघम लिहिलं की तांत्रिक मंजुरीला अडतं. ‘गावठाणातील सार्वजनिक विहिरीचा गाळ काढणे व कठडा दुरुस्ती’ असं लिहिलं की अंदाजपत्रक लगेच करता येतं. आणि ई-निविदेच्या मर्यादेखाली बसवण्यासाठी एका कामाचे तीन तुकडे पाडू नका. लेखापरीक्षणात सगळ्यात आधी तेच सापडतं.

प्रश्न: आमचं गाव प्रादेशिक (अनेक गावांच्या एकत्र) योजनेत आहे. आम्ही पट्टी भरतो, तरी पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. बाकीची गावं थकबाकीत आहेत. बाहेर पडून स्वतंत्र योजना मागावी का? (पाणी समिती सदस्य, अकोला जिल्हा)

आधी तुमच्या भागाचा विचार करा. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी मचूळ किंवा खारट लागतं, म्हणूनच वान धरणावरची ८४ खेडी योजना किंवा शहानूर धरणावरची योजना अशी लांबून पाणी आणणारी कामं झाली. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतं. तुमच्या गावच्या विहिरीचा मे महिन्यातला अहवाल २,०००च्या वर असेल तर स्वतंत्र योजनेचा विषय तिथेच संपला. पावसाळ्यानंतर घेतलेला नमुना दाखवून कुणी योजना मंजूर करून आणली तर मार्चनंतर लोक ते पाणी तोंडात धरणार नाहीत.

पाणी गोडं असेल तरी घाई नको. प्रादेशिक योजना का मोडतात ते पाहा. समजा ३० गावांच्या योजनेचा महिन्याचा खर्च ९ लाख आहे. प्रत्येकी ३०,०००. दहा गावांनी भरणं थांबवलं तर उरलेल्या वीस गावांवर ४५,००० येतात. पाणी कमी उपसलं तरी खर्च त्या प्रमाणात उतरत नाही: शुद्धीकरण केंद्र तेच, माणसं तीच, मुख्य वाहिनीची गळती तीच. वाढीव दर पाहून आणखी पाच गावं बाहेर पडतात. पावसाळ्यात स्वतःच्या विहिरीवर राहायचं आणि उन्हाळ्यात योजनेकडे धावायचं, ही सवय सगळ्यांनी लावून घेतली की वर्षाचे सहा-सात महिने योजनेला उत्पन्नच नसतं. मग वीज तुटते.

दुसरं कारण पाइपात आहे. मुख्य वाहिनीवर वरच्या अंगाची गावं, शेतातल्या चोरजोडण्या आणि फुटलेले एअर व्हॉल्व्ह पाणी आधी खातात. (एअर व्हॉल्व्हची मुद्दाम केलेली मोडतोड हा उन्हाळ्यातला नेहमीचा प्रकार, तिथे जनावरांना पाणी मिळतं आणि चार किलोमीटरवरचं गाव कोरडं राहतं.) शेवटच्या गावाने पैसे भरूनही त्याला पाणी मिळत नाही ते यामुळे.

तेव्हा पहिली मागणी गावाच्या वेशीवर बल्क मीटरची करा. मीटर बसला की दर गावामागे न राहता हजार लिटरमागे ठरवता येतो, आणि तुम्ही भरलेल्या पैशांचं पाणी मिळालं की नाही हे आकड्यात सांगता येतं. दर आठवड्याला वाचन करून वहीत मांडा आणि योजनेच्या शिखर समितीच्या बैठकीत ती वही ठेवा. तोंडी तक्रारीपेक्षा तीन महिन्यांची वही जास्त काम करते.

स्वतंत्र योजना मागायचीच असेल, तर एकाच गावावर दोन योजनांचा खर्च का, हा प्रश्न मंजुरीत येणारच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा उद्भवाचा (पाण्याच्या स्रोताचा) दाखला, मे महिन्यातली क्षमता चाचणी आणि प्रादेशिक योजनेचं नोंदवलेलं अपुरं पाणी, हे तिन्ही असेल तरच प्रस्ताव टिकतो. आमचं मत विचाराल तर प्रादेशिक जोडणी तोडू नका. किमान आकार भरून ती जिवंत ठेवा.

प्रश्न: जलजीवनचं सत्तर टक्के काम करून ठेकेदार निघून गेला. देयक थकलं म्हणतो. रस्ते खणून ठेवले आहेत. गावाने काय करावं? (ग्रामस्थ, नांदेड जिल्हा)

केंद्राच्या निधीची गती मंदावल्याने राज्यात अशी बरीच कामं थांबली, हे खरं आहे. मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं तेव्हा लक्ष्य २०२४ चं होतं. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याचं सांगितलं गेलं. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा आहे. म्हणजे पैसे उशिरा येतील, पण काम कागदावरून पुसलं गेलेलं नाही.

तोवर गावाच्या हातात जे आहे ते करा. शाखा अभियंत्याला लेखी कळवून झालेल्या कामाची संयुक्त मोजणी मागा: कोणत्या गल्लीत किती मीटर पाइप, किती व्यासाचा, किती नळजोडण्या. पंचनाम्यासारखे फोटो ठेवा. उघडे पडलेले एचडीपीई (प्लास्टिकचे) पाइप उन्हात राहू देऊ नका, तोंडं बंद करा. नाहीतर आत माती, उंदीर आणि पावसाळ्यात गटाराचं पाणी जातं आणि वर्षभराने लाइन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जुलाबाची साथ येते. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि त्रयस्थ तपासणीचा अहवाल मिळतो. उत्तराची मुदत ३० दिवस. मोजमाप पुस्तिकेत लिहिलेला पाइप आणि जमिनीतला पाइप जुळतो का, ते दोन-तीन ठिकाणी खणून पाहा. अंदाजपत्रकात ९० सेंटिमीटर खोली आणि प्रत्यक्षात वीतभर, हा दोष फार आढळतो. पहिल्या नांगरटीत किंवा ट्रॅक्टरच्या चाकाखाली तो पाइप जातो.

ठेकेदाराला गावातून वर्गणी काढून ‘तात्पुरते’ पैसे देऊ नका. त्याची नोंद कुठेच होत नाही.

आणि एक ताकद ग्रामसभेकडेच आहे. विभागाने पूर्णत्वाचा दाखला दिला तरी गाव ‘हर घर जल’ प्रमाणित होतं ते ग्रामसभेच्या ठरावाने. शेवटच्या घराच्या नळाला पाणी आल्याशिवाय तो ठराव करू नका. तो एकदा झाला की तुमचं गाव सरकारी नोंदीत तहानलेलं राहत नाही आणि पुढचा प्रत्येक अर्ज ‘योजना पूर्ण आहे’ या शेऱ्यावर परत येतो.

प्रश्न: लोकवर्गणी दहा टक्के की पाच? आमच्या पाड्यावर रोख देणं कुणाला जमत नाही. (नंदुरबार जिल्हा)

गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के हा सर्वसाधारण नियम. डोंगराळ आणि जंगल भागात, तसंच अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक असलेल्या गावांत ५ टक्के. ती रोख, वस्तू किंवा श्रम, कशातही देता येते. खणलेल्या चराचे मीटर मोजून त्याची किंमत वर्गणीत धरायला सांगा आणि हजेरीपट ठेवा. धरणापासून येणारी मोठी वाहिनी किंवा शुद्धीकरण केंद्र यांच्या खर्चावर ही वर्गणी नसते, फक्त गावातल्या कामावर. योजना नीट पार पडली तर गावांतर्गत खर्चाच्या १० टक्के इतकी प्रोत्साहन रक्कम गावाला फिरता निधी म्हणून देण्याची तरतूद आहे. ती मागायला विसरू नका.

प्रश्न: गाळमुक्त धरण योजनेतून पाझर तलावाचा गाळ शेतात टाकायचा आहे. अनुदान किती, आणि गाळ किती टाकावा? (शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा)

ही योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये नव्या अटींसह पुन्हा सुरू झाली. नव्या रचनेत यंत्रसामग्री आणि इंधनासाठी घनमीटरला ३१ रुपये काम करणाऱ्या संस्थेला मिळतात. वाहून नेण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे शेतकऱ्याला मिळतात, पण ते अल्प-अत्यल्प भूधारक, विधवा आणि अपंग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांना. मर्यादा एकरी १५,००० रुपये आणि अडीच एकरांपर्यंत, म्हणजे ३७,५००. मोठ्या शेतकऱ्याने गाळ फुकट न्यायचा, वाहतूक स्वतःची.

योजनेत एकरी ४०० घनमीटर गाळ धरला आहे. एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर, म्हणून थर होतो दहा सेंटिमीटरचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर, बसतं. एकराला जवळपास १४० खेपा! अंतर तीन किलोमीटरच्या पुढे गेलं की ३५ रुपये ७५ पैशांत डिझेलही निघत नाही, तेव्हा आधी ट्रॉलीवाल्याचा दर विचारा आणि मगच नाव नोंदवा.

हलक्या, मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीला गाळ लागतो. आधीच काळी भारी जमीन असेल तर टाकू नका. निचरा बिघडतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पीक पिवळं पडतं. तलावातल्या गाळाचा सामू आणि क्षारता आधी तपासून घ्या, चाचणी स्वस्त आहे. मे महिन्यात टाकून पसरवा, ढेकळं फुटायला एक-दोन पाऊस जाऊ द्या.

तलावाचीही काळजी घ्या. गाळ संपून मुरूम लागला की यंत्र थांबवायचं. खालचा घट्ट थर फोडला तर तलाव गळतो आणि पाळीच्या पायाजवळ खणलं तर पाळच खचते. सांडव्याची पातळी बदलू नका. गाळाच्या नावाखाली वाळू उपसण्याला बंदी आहे. एका एकराचा गाळ निघाला की तलावात चार लाख लिटरची जागा होते. वर हिशेबाला घेतलेल्या दोन हजार वस्तीच्या गावाचं ते तीन दिवसांचं पाणी झालं, आणि तलाव भरेल तितक्या वेळा.

प्रश्न: कोकणात चार महिने धो धो पाऊस आणि एप्रिलमध्ये टँकर. वनराई बंधाऱ्याला निधी कुठून मिळेल? (रत्नागिरी जिल्हा)

त्याला निधीची वाट पाहू नका. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती-वाळू आणि श्रमदान एवढ्यात तो होतो. गोण्या पाऊण भरून तोंड शिवायच्या. गच्च भरल्या तर एकमेकींवर बसत नाहीत आणि फटींतून पाणी जातं. जागा निवडताना काठ उंच आणि पात्र अरुंद, पाच ते दहा मीटरचं पाहा. तळाला रुंद, वर निमुळता, उंची साधारण मीटरभर. विटांसारखे सांधे बदलत रचा आणि पाण्याच्या बाजूला प्लास्टिकचा कागद मातीखाली दाबून लावा. जादा पाणी मधूनच वाहील अशी खाच ठेवा, कडेने नाही. कडेने गेलं की काठ कापून बंधारा बाजूला पडतो.

वेळ महत्त्वाची. परतीचा पाऊस ओसरला आणि ओढा अजून वाहतो आहे, तोच काळ. डिसेंबरात बांधलेला बंधारा फोटोपुरता असतो. जांभ्याच्या कातळात पाणी मुरतं तसंच भराभर खाली निसटतंही, म्हणून एकच मोठा बांधण्यापेक्षा एका ओढ्यावर चार-पाच लहान बांधा आणि शेवटचा सार्वजनिक विहिरीच्या जरा वरच्या अंगाला घ्या. पैसे मागायचेच तर ते पक्क्या बंधाऱ्याला मागा: शंभर हेक्टरपर्यंतच्या सिंचनक्षमतेची कामं जिल्हा परिषदेच्या जलसंधारणाकडे येतात.

प्रश्न: मुंबईतल्या आमच्या ग्रामस्थ मंडळाने गावासाठी सहा लाख जमवले आहेत. आरओ यंत्र घ्यावं असं ठरतंय. (मुंबई)

आधी गावच्या पाण्याचा अहवाल पाहा. क्षार, फ्लोराइड (लिटरला दीड मिलिग्रॅमची कमाल मर्यादा) किंवा नायट्रेट (४५) जास्त असेल तरच आरओला अर्थ आहे. नुसतं जंतूंमुळे पाणी खराब असेल तर नेमाने टीसीएल टाकणं पुरतं: हजार लिटरला ५ ग्रॅम, आणि अर्ध्या-एक तासाने शेवटच्या नळाला ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरिन उरलं आहे का ते पाहणाऱ्या) पिवळा रंग यायला हवा. रंग येत नसेल तर पावडर जुनी आहे. उघड्या पोत्यातली टीसीएल आठवड्यांत निकामी होते. क्लोरिन २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना. आरोग्य विभाग ग्रामपंचायतीला लाल कार्ड (पाणी धोक्याचं असल्याचा इशारा) देतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. आरओचे पडदे बदलायला दर दोन-तीन वर्षांनी पैसे लागतात, ते कोण देणार हे ठरल्याशिवाय यंत्र घेऊ नका. गावोगाव बंद खोल्या उभ्या आहेत.

सहा लाखांत बल्क मीटर, क्लोरिनचं यंत्र आणि एक राखीव पंप येईल. राखीव पंप असला की मोटर जळल्यावर गाव आठ दिवस कोरडं राहत नाही. पैसे सरपंचाच्या हातात न देता आधी ग्रामसभेचा ठराव, मग ग्रामपंचायतीच्या खात्यावर धनादेश आणि नमुना ७ ची पावती.

प्रश्न: आमची सार्वजनिक विहीर मार्चमध्येच आटते. शेजारी दोघांनी नव्या बोअर घेतल्या. काही करता येईल का? (सोलापूर जिल्हा)

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. १९९३ च्या कायद्यापासून ही अट आहे आणि २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमातही पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाला संरक्षण आहे. ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, प्रत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला. अंतर आणि पाणलोट एकच आहे का, हे भूवैज्ञानिकाच्या मोजणीवर ठरतं, म्हणून तक्रार बोअर चालू असताना, उन्हाळ्यातच करा. सोबत विहिरीच्या पातळीची वही जोडा: दर रविवारी सकाळी उपसा सुरू होण्याआधी दोरीला खुणा करून मोजलेली पातळी. बोअर सुरू झाल्याच्या आठवड्यापासून पातळी झपाट्याने उतरलेली दिसली तर तुमची बाजू भक्कम होते.

खरं तर शेजारी बोअरचं यंत्र उभं राहिलं त्याच दिवशी ग्रामपंचायतीने लेखी हरकत घ्यायला हवी होती. पाइप उतरल्यावर काम बंद पाडणं फार अवघड जातं. पुढच्या वेळेसाठी ५०० मीटरच्या वर्तुळात येणाऱ्या गट नंबरांची यादी करून आत्ताच फळ्यावर लावा. या यादीपुरतं विहिरीपासूनचं अंतर मोजायला शासकीय मोजणीची गरज नाही, तलाठ्याकडचा गाव नकाशा आणि मोजपट्टी पुरते. विहिरीच्या वरच्या अंगाला भूमिगत बंधारा किंवा पुनर्भरणाचा शोषखड्डा घ्यायचा असेल तर जागा भूवैज्ञानिकाकडूनच ठरवून घ्या, आणि शेतातलं खत-औषध मिसळलेलं पाणी त्यात सोडू नका. हे काम ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाच्या आराखड्यात घालायचं.